न छापलेलं परिशिष्ट

सुरेश रामचं पत्र येऊन तीन वर्षं होऊन गेली होती आणि मनोहर वर्तकांनी त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं असतं तर बरं, असंही त्यांना एक-दोनदा वाटून गेलं. पण सगळं आयुष्य सांख्यिकीच्या सरकारी नोकरीत गेलेलं, कागद हरवायची सवय हाताला नव्हती. कोलकात्यात, सॉल्ट लेकच्या फ्लॅटमध्ये, पुस्तकांच्या कपाटात, एका फायलीत ते नीट लावलेलं होतं.

वहीच्या रेघी पानावर, हिंदीत, सावकाश काढलेलं अक्षर. सुरेशने लिहिलं होतं, "साहेब, तुमच्या समितीचा रिपोर्ट आमच्या मुलीने, नूपुरने, मोबाइलवर शोधून वाचून दाखवला. आमची नावं नकोत, पण आमचं म्हणणं त्यात कुठेच सापडलं नाही. वस्तीतले लोक मला विचारतात की तू साहेबांना सांगितलंस तरी काय? माझ्याकडून काही चुकीचं बोललं गेलं का, एवढंच कळवावं."

समिती म्हणजे, मनोहरराव निवृत्त झाल्यावर दिल्लीहून आलेलं बोलावणं. जनावरांच्या बाजारांसाठी सरकारला नवे नियम करायचे होते. गोवंश कापायला विकला जाऊ नये ही सरकारची श्रद्धा होती आणि निवडणुकीत दिलेलं वचनही. त्याचा शेतकऱ्यांवर आणि चामड्याच्या धंद्यावर काय परिणाम होईल, ते समितीने सांगायचं होतं. अध्यक्ष होते श्यामराव देवस्थळी, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, अत्यंत सोवळे आणि तितकेच मृदू. प्रत्येक बैठक शांतिमंत्राने सुरू व्हायची. मनोहरराव सदस्य-सचिव, म्हणजे अहवाल लिहिणारे.

कोलकात्याच्या पूर्वेकडच्या चामड्याच्या वस्तीत ते स्वतः गेले होते. कारखान्यांसाठी चामडी हातमोजे शिवणाऱ्या पाच घरांशी बोलले. वासाने जीव गुदमरला तेव्हा त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि लाजून लगेच काढला. त्या पाच घरांतलाच एक, सुरेश, हसला होता. "लावा साहेब, पहिल्या वर्षी आम्हीही लावायचो." मग त्याने समजावून दिलं की, आटलेली गाय विकून शेतकरी दुसरी घेतो, ती विक्री थांबली की गोठा रिकामा होतो. नुसतं बंदीचं वारं सुटलं, तर आपोआप मेलेल्या जनावराचं कातडं नेणाऱ्या गाडीलाही जमाव रस्त्यात अडवतो, आणि कातडं कुजून जातं. मनोहररावांनी गावोगावचे आकडे मिळवून त्याचं म्हणणं पडताळून पाहिलं होतं. त्यात खोट नव्हती.

पहिल्या मसुद्यात सुरेशच्या म्हणण्याचा उतारा आणि त्याखालचा आकड्यांचा तक्ता चौथ्या प्रकरणात होता. दुसऱ्या मसुद्यात मनोहररावांनी दोन्ही उचलून परिशिष्ट 'क' मध्ये नेले. तिसऱ्या मसुद्यात एक ओळ आली: परिशिष्टं विभागाच्या ग्रंथालयात पाहायला मिळतील. सरकारी कागद लिहिणाऱ्या कुणालाही ही युक्ती ठाऊक असते. खोटं लिहायचं नाही, खोडायचंही नाही. फक्त नको असलेली गोष्ट अशा जागी ठेवायची जिथे कुणी जात नाही. अहवाल छापला गेला, परिशिष्टं छापली गेली नाहीत. नियम झाले.

"तो भाग छापायचा की नाही, हे माझ्या हातात नव्हतं," असं उत्तर त्यांनी मनात कितीदा तरी जुळवलं. पण लिहायला बसले की पेन थांबायचं. आपली हिंदी कच्ची आहे, माणसाचा पत्ता बदलला असेल, आपल्या पत्राने त्याला उगाच आशा वाटेल. कारणांना तोटा नव्हता.

यंदा मार्गशीर्षात श्यामराव कोलकात्याला आले. जावई लष्करात, फोर्ट विल्यमला बदली झालेला. त्यांनी फोन करून सांगितलं की संकष्टीला दुपारी येतो, फराळाचंच करा, त्रास घेऊ नका.

मनोहररावांच्या पत्नी पुष्पाबाईंनी साबुदाण्याची खिचडी केली. श्यामराव थकले होते, काठी आली होती, पण बोलणं तसंच मिठ्ठास.

"वहिनी, इतकी वर्षं बंगालात राहून यांनी मासा खाल्ला नाही? बंगाल्यांनी राहू कसं दिलं?"

"मासा कुठला," पुष्पाबाई म्हणाल्या. "यांना कोळ्याला नको म्हणायचीही लाज वाटते. उद्या आण म्हणतात आणि उद्या दार उघडत नाहीत."

श्यामराव मनापासून हसले. पुष्पाबाई चहा ठेवायला आत गेल्या, तसे ते गंभीर झाले. त्यांनी मनोहररावांच्या हातावर हात ठेवला.

"वर्तक, तुमचे आभार मानायचे राहून गेलेत. त्यासाठीच आलो म्हणा ना."

"माझे? कशाबद्दल?"

"पहिल्या मसुद्यातला चौथ्या प्रकरणातला तो उतारा. मी वाचला होता तो. दोनदा वाचला. आकडे खरे होते हे मला कळत होतं. आणि मी गाईला नैवेद्य दाखवल्याशिवाय न जेवणारा माणूस. काय करावं सुचेना. मग दुसऱ्या मसुद्यात तुम्ही तो मागे नेलात. मी देवापुढे साखर ठेवली. तुम्ही तो उतारा तिथेच ठेवला असतात, तर मला माझ्या हाताने फुली मारावी लागली असती, आणि फायलीत माझी सही राहिली असती." त्यांनी हात काढून घेतला. "कदाचित मारलीही नसती. ते आता मला कधी कळायचं नाही. पण तुम्ही मला वाचवलंत."

इतकी वर्षं मनोहरराव धरून चालले होते की वरून दाब होता. कुणी उघड बोललं नव्हतं, पण हवाच तशी होती, मंत्र होते, प्रसादाच्या पुड्या होत्या. आता हा म्हातारा सांगत होता की एक माणूस खरं काय ते वाचून घुटमळत बसला होता, आणि त्याच्यापुढून तो कागद आपणच काढून घेतला होता.

श्यामराव गेल्यावर पुष्पाबाई बशा उचलायला आल्या. मनोहरराव तसेच बसून होते. मग त्यांनी बायकोला सगळं सांगितलं, पत्रासकट. पत्राचं पुष्पाबाईंना माहीत नव्हतं.

"तो भाग काढा, असं तुम्हाला कुणी म्हणालं होतं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"एकदाही?"

"नाही. मलाच त्यांच्यासमोर ते ठेवायची लाज वाटली."

पुष्पाबाई बशा हातात घेऊन उभ्या राहिल्या. "आणि त्या माणसाला त्याचे लोक खोटा समजत असतील."

मनोहरराव उठून कपाटाकडे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हिंदीत पत्र लिहिलं. एकदाच लिहिलं, उतरवून काढलं नाही. "सुरेशजी, तुमच्याकडून काही चुकीचं बोललं गेलं नाही. तुम्ही सांगितलेला शब्द न् शब्द मी पडताळला होता, तो खरा होता. तो अहवालातून काढून मी न छापलेल्या परिशिष्टात नेला. मला कुणी सांगितलं नव्हतं. तुमचा उतारा आणि तक्ता यांची माझ्याकडची प्रत सोबत जोडली आहे. हे पत्र वस्तीत कुणालाही दाखवा, वर्तमानपत्राला द्यायचं असेल तर द्या. उत्तराला तीन वर्षं लावली, त्याबद्दल क्षमा मागण्याचाही मला संकोच वाटतो." खाली सही, आणि सहीखाली समितीतला हुद्दा.

पुष्पाबाईंनी चष्मा लावून वाचलं. "उद्या कुणी विचारायला आलं तर?"

"तर हेच सांगेन." मग म्हणाले, "सांगता येईल ना गं मला?"

"मी बसेन शेजारी," त्या म्हणाल्या.

जवळच्या पोस्टात रांग होती. खिडकीतल्या बाईंनी पाकीट वजनकाट्यावर टाकलं आणि बंगालीत विचारलं की साधं पाठवायचं की रजिस्टर. मनोहरराव म्हणाले, रजिस्टर, पोचपावतीसह. पाठवणाऱ्याच्या नावाची जागा कोरी राहिली होती, ती त्यांनी तिथेच उभ्याने भरली आणि पाकीट खिडकीतून आत सरकवलं.