दाब, ढील, मांग

सत्यशीलाने चपला धरणाच्या काठावर काढल्या, साडी गुडघ्यापर्यंत वर खोचली आणि पाण्यात शिरून तिने हिरव्या नावेच्या पोटाखालून डावा हात फिरवला. उजवा हात तिने छातीशी आवळून धरला होता. छातीतल्या गाठीच्या ऑपरेशननंतर तो सुजत गेला होता आणि आता मनगटापासून खांद्यापर्यंत सारखाच जाड दिसत होता. त्या हाताने वल्हं मारायला डॉक्टरांनी कायमची मनाई केली होती.

"खाली काय फिरते हिच्या?" तिने विचारलं.

शाम राठोड नागपूरहून पिकअपमध्ये दोन नावा घालून आला होता. अशा नावा विकणं हाच त्याचा धंदा. त्याने समजावून सांगितलं की पायाने पायडल मारलं की खालचा पंखा फिरतो, उलटं मारलं की नाव मागे येते, वळवायला डाव्या बाजूला दांडी आहे आणि दोन्ही हात मोकळे राहतात. हौशी लोक गळ टाकायला अशी कायाक घेतात, जाळंवाल्याने बोलावल्याची ही पहिलीच वेळ, असंही तो म्हणाला.

हात मोकळे राहावेत, एवढ्यासाठीच तर सारा खटाटोप होता. कळंबच्या बाजारात तिच्या नवऱ्याची, बळीरामची मासळी एकोणतीस वर्षं जात होती, पण त्याला स्वतःला डोंगा वल्हवता येत नव्हता म्हटलं तरी चालेल. तो पुढे बसून जाळं सोडायचा, मागे सत्यशीला वल्हं मारायची. जमिनीवर तो तिला 'धम्माची माय' म्हणे. पाण्यात मात्र तिच्यासाठी त्याच्याकडे तीनच शब्द होते. 'दाब' म्हणजे जोर लाव. 'मांग' म्हणजे मागे घे. 'ढील' म्हणजे हात सैल सोड. काठाला लागलं की रोजचा शेवटचा शब्द हाच असायचा, ढील, आणि मग ती वल्हं आडवं ठेवून देई. तिचा हात गेल्यावर त्याने पुतण्याला मागे बसवून पाहिलं, शेजारच्या डोमाजीलाही पाहिलं. दोघांशीही भर पाण्यात भांडून घरी आला. माणूस तसा तऱ्हेवाईकच, पण यात तऱ्हेपेक्षा सवयीचाच भाग जास्त होता.

मोबाइलवर ही नाव धम्मरत्नने, त्यांच्या मुलाने, शोधून काढली. तेव्हा सत्यशीला हसून म्हणाली होती की सवत येणारच असेल तर ती मीच पसंत करीन. घरातले सगळे हसले. धम्मरत्न हसला नाही. आजार पाठीच्या मणक्यात उतरलाय हे डॉक्टरांनी त्याला एकट्याला बोलावून सांगितलं होतं, आणि तिने ते बाहेर बाकावर बसल्या बसल्या त्याच्या चेहऱ्यावर वाचलं होतं. बळीरामला दोघांनीही सांगितलं नाही. तो आपला म्हणत होता, थंडी सरली की हात बरा होईल. तिच्या वल्ह्याला त्याने दोनदा तेलही लावून ठेवलं होतं.

सून पसंत करायला गेली होती, तेव्हाही तिने एवढी चौकशी केली नव्हती. हिरवी नाव रुंद होती, उभं राहिलं तरी डुलत नव्हती, आणि एकाचीच होती. पिवळी लांब होती आणि तिला दोन जागा होत्या. गळाच्या काठ्या खोचायच्या नळ्या तिने लगेच काढायला लावल्या, जाळं अडकेल म्हणून. शाम म्हणाला, इतकी वर्षं विकतोय, हे कोणी सांगितलं नव्हतं.

आधी हिरवी पाण्यात गेली. बळीराम जाळ्याचा ढीग पुढ्यात घेऊन बसला, पायडल मारत निघाला, आणि जाळ्याला बांधलेले थर्माकोलचे पांढरे तुकडे त्याच्या हातातून एकेक पाण्यात पडू लागले. बुडालेल्या जुन्या गावाचा वड जिथे वाळका उभा आहे, तिथे नेहमी आडवा वारा लागतो. तिथे त्याने मान न वळवता हाक दिली.

"दाब!"

नाव होती तशीच चालत राहिली.

"मांग! मांग घे!"

काठावर सत्यशीलाचा सुजलेला हात आपसूक उचलला गेला आणि खांदा मागे ओढला गेला. कळ मस्तकात गेली तेव्हा तिला कळलं, आपण काय करून बसलो. तिकडे बळीरामचे पाय पुढेच चालले होते आणि नाव त्याच्याच जाळ्यावर चढत होती.

"काका, कोणाले सांगून राह्यले?" शाम ओरडला. "पायडल उलटं मारा ना!"

पंख्यात जाळं गुंडाळलं गेलं. शामने पिवळी नाव हातवल्ह्याने नेऊन हिरवी ओढत काठाला आणली. बळीराम खाली उतरला आणि कोणाकडे न पाहता जाळं सोडवू लागला.

"हे आयकतच नाई," तो म्हणाला. "मंग पिवळीच घेऊ. दोन जागा हायेत. धम्माची माय, पायानं तर चालवाची हाय. हाताचा काय संबंध?"

तिला मोह झाला. खरंच झाला. पाय अजून धड होते. एक हिवाळा, निदान अर्धा हिवाळा, मागे बसून त्याची पाठ पाहता आली असती. आणि मग? एकट्या माणसाला ती लांबुडकी नाव वाऱ्यात आवरायची नाही.

"नाई," ती म्हणाली. "मांगची जागा रिकामी राह्यली का हिचं नाक फिरन वाऱ्यानं."

"रिकामी काहून राहीन?"

धम्मरत्न पाठ फिरवून दोर गुंडाळू लागला. तो दोर आधीच गुंडाळलेला होता. बळीरामने एकदा मुलाच्या पाठीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. जाळं सोडवणारी त्याची बोटं तेवढ्यापुरती थांबली.

"एक डाव अजून जा," सत्यशीला म्हणाली. "हिरवीच घेऊन. पन तोंड बंद ठेवजा. जे सांगाचं ते आपल्याच पायाले सांगा."

तो गेला. आता ती कान देऊन उभी राहिली. पांढरे तुकडे पाण्यात पडत गेले. वड जवळ आला, पाण्यावर वाऱ्याची शिरशिरी उठली. इथे दाब, तिच्या ओठांवर आलं. तिकडून हाक आली नाही. बळीराम थोडा वाकला, त्याचे गुडघे जोरात वरखाली झाले, नाव सावरली. पुढच्या वळणाला तो थांबला, पाय उलटे फिरवून हातभर मागे आला आणि जाळ्याचं टोक खुंटाला बांधलं. एक शब्द न बोलता.

"जमलं काकाले," शाम म्हणाला.

जाळं सरळ पडलं होतं. तिच्याशिवाय पडलेलं हे पहिलंच सरळ जाळं. मनासारखं झालं होतं, आणि तिला मोठ्याने रडावंसं वाटत होतं. पदराने नाक पुसून ती शामला म्हणाली, "हिरवीच."

बळीराम परत येत होता. नाव वाळूला घासून थांबली. त्याने पायडलवरचे पाय काढले, पण तो उतरला नाही. मागे तिची बसायची जागा नव्हतीच, तरी आधी त्याने तिकडेच पाहिलं. मग काठावर उभ्या असलेल्या सत्यशीलाकडे पाहिलं. ती अजून उजवा हात छातीशी आवळून उभी होती.

"ढील," तो हळूच म्हणाला.

तिने हात खाली सोडला.