त्रेसष्ट पायऱ्यांचा पत्ता

मी एक जुना लॅपटॉप आहे, मित्रांनो. सध्या कोरियातल्या मोक्फो शहरात, पोलीस ठाण्याच्या कपाटात, एका पारदर्शक पिशवीत बंद आहे. गुन्हा मी केलेला नाही. पण तो माझ्याच पडद्यावर, शब्दाशब्दाने तयार होताना मी पाहिला आहे.

कारखान्यातून निघालो तो थेट गुन्सानला, नामहीबाईंच्या चष्म्याच्या दुकानात आलो. काचा घासून बोटं दुखली की बाई माझ्यासमोर बसत आणि जहाजांचा एक खेळ खेळत. खेळ जुना झाला होता. हजारो खेळाडू सोडून गेले, सदुसष्ट उरले. त्यांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं, म्हणून बाई दर गुरुवारी दुपारी त्यांना दुकानाच्या नावानिशी 'बंदरपत्र' लिहून पाठवत. कोणती मोहीम कधी, कुणाचं जहाज बुडालं, आणि शेवटी 'आपली माणसं' हे सदर. या सदराचं फार कौतुक व्हायचं. माझी छाती अभिमानाने भरून येई.

सदराची लाडकी होती सोल्बी. खेळातलं तिचं नाव चिमणी. मोक्फोला दातांच्या दवाखान्यात काम करणारी, तीन पायांच्या कुत्र्यासोबत एकटी राहणारी हसरी मुलगी.

मग 'पांढरा बगळा' नावाच्या खेळाडूची पत्रं येऊ लागली. फार सभ्य भाषा. 'तुमचा प्रत्येक अंक मी वहीत उतरवून घेतो. चिमणीताईंचा कुत्रा जिना कसा चढतो हो?'

बाईंनी लगेच फोन लावला.

"उचलून नेते ताई!" सोल्बी हसत म्हणाली. "त्रेसष्ट पायऱ्या! कंबरेचा पार भुगा होतो."

त्या गुरुवारी त्रेसष्ट पायऱ्या छापून आल्या. पुढच्या पत्रात बगळ्याने विचारलं, खिडकीतून काय दिसतं? समोरच्या शाळेची निळी टाकी छापून आली. मग पोहण्याचा वार. मग पोहून येताना ती घेते तो लाल चवळीच्या सारणाचा पाव.

कोण कोणता अंक किती वेळा उघडतो, हे मला दिसतं. बाकीचे एकदा उघडत, फार तर दोनदा. बाईंनाही एके दिवशी ते दिसलं.

"बघा मास्तर," चष्म्याची काडी बसवून घ्यायला आलेल्या उम मास्तरांना त्या म्हणाल्या, "एकाने एकच अंक त्रेचाळीस वेळा वाचलाय. याला म्हणतात वाचक!"

"त्रेचाळीस?" मास्तर म्हणाले. "परीक्षेला बसतोय की काय?"

दोघं हसले. मला हसू आलं नाही. तो पायऱ्यांचा अंक होता. बोलणं माझ्या हाती नाही, मित्रांनो. फक्त आतला पंखा जोरात फिरू लागला. बाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. "तापतोस किती रे म्हाताऱ्या!"

पुढच्या सोमवारी सोल्बीचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

"ताई, माझा पत्ता कुणाला दिलात?"

"मी कशाला देईन गं? मलाच कुठे ठाऊक आहे!"

"मग दाराला पिशवी कुणी लावली? आत पाव आहे. आणि कुत्र्याचे मोजे. तीनच आहेत, ताई. चिठ्ठी आहे, चिमणीसाठी."

बाईंनी मागचे सगळे अंक उघडले आणि एकेक गोष्ट कागदावर उतरवली. टाकी, पायऱ्या, वार, पाव. कागद अर्धाही भरला नाही आणि त्यांचा हात थांबला.

"मीच दिला गं," त्या फोनवर म्हणाल्या. "तुकड्या तुकड्याने, मीच दिला."

दुकानाला कुलूप लावून त्यांनी मला पिशवीत घातलं आणि मोक्फोची बस धरली. पोलीस ठाण्यात दोघी शेजारी बसल्या. पहिल्यांदाच भेटत होत्या, पण सोल्बीने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

हवालदार कॉफी पीत ऐकत होता. "पाव दिला, मोजे दिले. धमकी काही दिली का?"

अंक दाखवायला बाईंनी मला उघडलं, तेवढ्यात माझ्या पडद्यावर बगळ्याचं पत्र आलं. बाईंनी ते मोठ्याने वाचलं. 'नामहीताई, आज दुकान बंद कसं? बाहेरच उभा आहे. काचेतून तुमची रिकामी खुर्ची दिसते. चिमणीकडे गेलात ना?'

हवालदाराने कप खाली ठेवला आणि गुन्सानला फोन लावला.

तो दुकानासमोरच सापडला. शांत होता, पळाला नाही. त्याच्या पोटाशी जाड वही होती. तिच्यात सोल्बीखेरीज आणखी अकरा जणांची पानं निघाली. काही अर्धी भरलेली, काही जवळजवळ पूर्ण. आणि त्यातलं प्रत्येक वाक्य नामहीबाईंचं होतं.

त्याला या सगळ्यांपासून दूर राहण्याचा हुकूम झाला आहे. पुराव्यासाठी मला इथे ठेवून घेतलं. बाईंनी त्या अकरा जणांना स्वतः फोन केले. काहींनी समजून घेतलं, दोघांनी शिव्या घातल्या. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्रांना पुसा, जपा, हे तुम्हाला सगळे सांगतील. मी दुसरंच मागतो. कुणी विश्वासाने तुम्हाला आपलं घर, आपली वाट, आपलं रोजचं वागणं सांगितलं, तर ते जपा. कितीही गोड असलं तरी गावभर करू नका.

माझ्या पावतीवर सही करायला बाई आल्या, तेव्हा त्यांचा फोन वाजला. सोल्बीने घर बदललं होतं.

"ताई, रागावले होते मी. पण आता नवीन गाव तुम्हाला सांगते, कुणाला तरी माहीत असावं म्हणून..."

"नको," बाई घाईने म्हणाल्या. "बरी आहेस ना? मग बाळा, मला काही सांगू नकोस."