अळकुडीचा रंग

सुनेने अळकुडी उकडून, कुस्करून दुधाच्या चहात घोटली, तळाशी टॅपिओकाचे काळे गोळे सोडले आणि ग्लास उजेडात धरला. दुकानातला अळकुडीचा बबल टी कसा छान जांभळा असतो! हा मेला राखेसारखा निघाला. तिचा चेहराच पडला.

सासरे रंगारी. चाळीस वर्षं लोकांची घरं रंगवली, स्वतःच्या घराला मात्र ब्रश लावला नाही.

"बाबा, रंग फसला ना?"

"ओल्या रंगावर मी मत देत नाही," म्हणत त्यांनी त्या चहाचा पट्टा कागदावर ओढला आणि कागद पंख्याखाली ठेवला. तो वाळेपर्यंत नुसतं बसायचं कशाला, म्हणून ग्लास तोंडाला लावला. गोळे चावत, डोळे मिटून सगळा संपवला आणि कागद वाळला का ते बघायला उठले. सुनेने आशा सोडली.

मग त्यांनी आपली जुनी वही काढली. तिच्यात आजवर दिलेल्या रंगांचे तुकडे चिकटवलेले, प्रत्येकाखाली घरमालकाचं नाव. शेवटच्या पानावर त्यांनी तो वाळलेला कागद डकवला आणि खाली लिहिलं, 'आपलं घर'.

"सूनबाई," ते म्हणाले, "उद्यापासून भिंती घासायला घेतो."