अठरा हजारांचा शेठ

चौकात नवऱ्याने स्कूटर उजवीकडे घ्यायच्या ऐवजी डावीकडे घेतली आणि मागे बसलेली ती पुढे झुकली.

"अहो, इकडे कुठे? आपला डॉक्टर तिकडे."

"तिकडे पोचेपर्यंत हा राहील का? इकडचा दवाखाना हाकेवर आहे. तू धर नीट त्याला."

तिने धरलंच होतं. टॉवेलात गुंडाळलेला शेठ सकाळपासून ओकून ओकून रिकामा झाला होता, आणि आता नुसता फेस तिच्या मनगटावर गळत होता. आखूड पायांचा, लांबोडका, कान जमिनीला टेकतील असा कुत्रा. एरवी स्कूटरवर बसला की गल्लीतल्या प्रत्येक कुत्र्याला शिव्या देणारा. आज मान टाकून पडला होता.

आणि ती मनातल्या मनात म्हणत होती, दवाखाना बंद असू दे. कुलूप असू दे. कुत्रा मरणाला टेकलाय आणि आपण दवाखान्याला कुलूप मागतोय, हे कळून तिला स्वतःची किळस आली. तरी ती मागतच राहिली. कारण या दवाखान्यात शेठ पूर्वी यायचा, ढब्बू या नावाने. इथे कोणी त्याला ओळखलं तर नवऱ्याला कळणार होतं, की अठरा हजारांचा हा कुत्रा फुकट आलाय.

हो, फुकट. तिच्याकडे ब्लाउज शिवायला येणाऱ्या एका शिक्षिकेची बदली झाली, नव्या घरमालकाला कुत्रा चालत नव्हता. बाईंनी डोळे पुसत साखळी तिच्या हातात दिली, वर खायची भांडीही दिली. जाताना दहा वेळा बजावलं, "याचे दात काढताना भूल दिली होती, तेव्हा हृदय बंद पडता पडता राहिलं. ती भूल याला चालत नाही. पुन्हा वेळ आली तर डॉक्टरांना आधी सांग. विसरू नकोस गं."

ती विसरली नव्हती. पण घरी आल्यावर तिने सांगितलं, विकत घेतला. अठरा हजार. हप्त्याने. शिलाईच्या पैशातून फेडीन.

का सांगितलं? तर त्या घराची रीत तिला पाठ होती. त्या घरात ज्याला पैसे पडले त्यालाच जीव होता. सोफ्याचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं, बसलं की मांड्यांना चिकटायचं, पण काढायचं नाही. टीव्हीवर रोज फडकं. आणि दुकानदाराने भेट दिलेलं घड्याळ भिंतीवर वर्षभर सव्वादोन दाखवत होतं, त्याला सेल घालायला कोणाचा हात धजत नव्हता. ती स्वतःही रजिस्टर लग्न करून, बिनखर्चाची आलेली. तिला ताप आला की सासू म्हणायची, "पांघरूण घेऊन पड, घाम आला की उतरेल."

कुत्र्याच्या आधी एक मांजर होतं. जिन्यात सापडलेलं, पांढरंफटक. त्याचा पाय मोडला तेव्हा तिने नवऱ्याकडे पाचशे मागितले. तो हसला. वाईट नाही, अगदी सहज हसला. "फुकटच्या मांजराला पाचशेचा पाय? आपोआप आलं, आपोआप बरं होईल." ते पाण्याच्या टाकीखाली जाऊन मेलं. वास आल्यावर कळलं.

दुष्ट म्हणावा तर नवरा दुष्ट नव्हता, आणि हीच खरी पंचाईत होती. दुष्टाशी भांडता येतं.

अठरा हजारांचा आकडा ऐकून तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी स्टीलचं नवं भांडं घेऊन आला. "एवढे पैसे घातलेत तर नीट तरी ठेवू," म्हणाला, आणि नाव ठेवलं शेठ. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि राहायचा बिनलिफ्टच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. शेठच्या पाठीला जिना चालत नाही म्हटल्यावर तो त्याला रोज उचलून वर न्यायचा, एका दमात, मध्ये न थांबता. "अठरा हजार चाललेत वर," समोरून उतरणाऱ्यांना सांगायचा, "बाजूला व्हा." सासूने आपली शाल दिली. शेठला ठसका लागला तरी तिघं उठून बसायची. हप्ता म्हणून ती दर महिन्याला कातरणांच्या पोत्यात पैसे टाकत होती, आजारपणाला असू देत म्हणून. लबाडी होती. पण जीव जगत होता.

दवाखाना उघडा होता.

टेबलाजवळच्या मदतनिसाने शेठला उचलून घेतलं, तोंड वर करून पाहिलं, पुन्हा पाहिलं. "याला मी कुठेतरी बघितलंय."

"सगळे सारखेच दिसतात हो," ती घाईघाईने म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"असे नाही दिसत," नवरा अभिमानाने म्हणाला. "अठरा हजार मोजलेत."

डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, मशीन फिरवून पाहिलं. "आतडं चुण्या पडल्यासारखं गोळा झालंय. दोरीसारखं काहीतरी गिळलंय याने. घरात असं काय असतं?"

"इलॅस्टिक," तिच्या तोंडून निघालं. "मी शिवणकाम करते."

"बघा!" नवरा भडकला. "एवढ्या किमतीचा कुत्रा घरात, आणि ही खाली इलॅस्टिक पसरून बसते! अक्कल गहाण टाकली होतीस का?"

"भांडण नंतर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पोट उघडावं लागेल. आत्ताच. पंधरा हजार होतील, निम्मे आधी भरा."

"भरतो. करा तुम्ही. अठरा हजारांचा आहे, पैशाकडे बघू नका."

"मी कुठे बघतेय? फुकटचा असता तरी माझं बिल तेवढंच." त्या हात धुवायला वळल्या. "याला पूर्वी कधी भूल दिलीय?"

"छे," नवरा म्हणाला. "कोरा माल आहे."

तिने तोंड उघडलं आणि मिटलं.

बोललं तर हा पाकीट खिशात घालेल. चल घरी, म्हणेल. सहज हसेल. त्या हसण्याचा आवाज तिला आत्तापासून ऐकू येत होता, आणि टाकीखालचा वास येत होता. नाही बोललं तर ऑपरेशन होईल, पैसे भरले जातील, सगळं रीतसर होईल आणि शेठ टेबलावरून उठणार नाही. कदाचित उठेलही. गेल्या वेळी उठलाच होता ना? ती या 'कदाचित'ला लोंबकळत राहिली. मदतनिसाने सुई भरायला घेतली.

"थांबा," ती म्हणाली. "दिलीय. भूल दिलीय याला. इथेच. दात काढताना. हृदय बंद पडत होतं."

डॉक्टरीणबाईंनी नळ बंद केला.

"इथे?" नवरा म्हणाला. "इथे कधी आलो आपण?"

मदतनीस एकदम वाकला. "ढब्बू? अरे, त्या शाळेतल्या बाईंचा ढब्बू ना तू?" आणि मरायला टेकलेल्या त्या कुत्र्याने शेपटी टेबलावर एकदा आपटली. "बाई तर रडत होत्या, कोणाला फुकट दिला तरी चालेल, पण चांगलं घर मिळू दे म्हणून."

झालं. आता लपवायला काही उरलं नाही.

"शाळेतल्या बाई," नवरा हळूच म्हणाला. "फुकट."

"हप्त्याचे पैसे साठवलेत मी," ती भराभर बोलू लागली. "घरी आहेत, कातरणांच्या पोत्यात. सगळे मिळून नऊ हजार भरतील. याच्यासाठीच ठेवलेत. तुम्ही आत्ता भरा, मी घरी गेल्या गेल्या देते. उरलेले शिवून फेडीन. अहो, त्याला उचलू नका. शिव्या द्या, काय हवं ते करा, पण त्याला उचलू नका."

"बरं झालं सांगितलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे औषध नाही वापरत मग. दुसरं देते. पण काय ते लवकर ठरवा, वेळ नाहीये."

नवरा कुत्र्याकडे बघत राहिला. कोणी नवीनच कुत्रा आणून ठेवला असावा तसा. मग खिशात हात घातला. पाकीट उघडलं, नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या. ती त्याच्या बोटांकडे बघत होती. तो हसला नाही. पैसे टेबलावर ठेवून तो बाहेर बाकावर जाऊन बसला.

तीही बसली, मध्ये एका माणसाची जागा सोडून. समोर कोणाचं तरी मांजर पिशवीतून डोकं काढून ओरडत होतं. तो त्याच्याकडे बघत होता.

"मग मांजराच्या वेळी का नाही सांगितलंस?"

"काय?"

"विकत घेतलं म्हणून. पाच हजार, सहा हजार. काहीही सांगायचं होतंस."

तो टोमणा होता की काय होतं, तिला कळेना. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, तर तो पलीकडे बघत होता. तिला सुचलंच नव्हतं. तेव्हा ती खरं बोलत होती.

दुपार कलली तेव्हा आतून शेठला आणलं. पोटाला पट्टी, जीभ बाहेर, पण श्वास चालू. मदतनिसाने डबीत इलॅस्टिक दाखवलं, हातभर लांब. "आजची रात्र सांभाळा. जिना चढू देऊ नका, टाके तुटतील."

"माहीत आहे," नवरा म्हणाला.

जिन्यापाशी त्याने शेठला तिच्याकडून घेतलं, नेहमीसारखं, एक हात छातीखाली, एक मागे. की नेहमीसारखं नाही? ती मागून चढत होती आणि तिला ठरवता येत नव्हतं. हात थोडा ढिला वाटत होता. टाक्यांमुळे असेल. वरच्या मजल्यावरचा एक जण समोरून उतरला. या वेळी नवराच बाजूला होऊन भिंतीकडे सरकला.

दुसऱ्या मजल्यावर तो थांबला. आजवर तो इथे कधी थांबला नव्हता. शेठला मांडीवर घेऊन तो पायरीवर बसला.

"द्या इकडे," ती म्हणाली. "मी नेते."

"हात भरून आलाय. बसू दे जरा."

सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं, खरंच भरून आला असेल. ती एक पायरी खाली उभी राहिली. शेठने झोपेतच त्याच्या मनगटाला नाक लावलं. त्याने हात हलवला नाही, फिरवलाही नाही.

वरून सासू कठड्यावर वाकली. तिच्या हातात शाल होती.

"आला का रे आमचा अठरा हजारांचा शेठ? वाचला ना?"

नवऱ्याने वर पाहिलं, मग खाली उभ्या असलेल्या तिच्याकडे, मग मांडीवरच्या पट्टीकडे.

"आला," तो म्हणाला.

आणि तिथेच बसून राहिला.