डावा पल्ला, उजवा पल्ला

माझे बाबा, हरिदास दुर्गे, जन्मभर भद्रावती–चंद्रपूर एसटी चालवत होते. गाडीतला खडखडाट त्यांना खपत नसे. एखादी काच वाजली की पुढच्या थांब्यावर उतरून कागदाची घडी करायचे आणि फटीत ठोकायचे, मगच पुढे निघायचे. निवृत्त झाल्यावर वाजायला गाडी उरली नाही, म्हणून त्यांनी घर वाजतं का ते ऐकायला सुरुवात केली.

आई, कमला, अंगणवाडीत शिकवायची. पन्नास पोरांतल्या कुणाच्या तोंडात चॉकलेट आहे, हे तिला पाठमोरी असतानाही कळायचं.

अशा दोन माणसांच्या स्वयंपाकघरात पत्रूभाऊ सुताराने भिंतभर मांडणी करून दिली. पाच फळ्या आणि समोर दारांचे दोन पल्ले, डावा आणि उजवा. बसवले त्याच दिवशी डावा पल्ला जरा लटकला आणि खालच्या फळीला घासू लागला. पत्रूभाऊंनी पेचकस काढला आणि बाबांना बिजागरी दाखवली.

"हे पाहा भाऊ, कब्ज्यावर दोन स्क्रू हायेत. पुढचा फिरवला का पल्ला बाजूले सरकते, मागचा ढिला केला का आत-बाहेर होते. बस. लाकूड फुगलं-सुकलं तं तुमीच करून घेजा."

बाबांनी करून पाहिलं. पल्ला गुपचूप मिटला. त्यांचा चेहरा नव्या गाडीची चावी मिळाल्यासारखा फुलला. आई बाजूला तांदूळ निवडत होती. तिचं लक्ष तांदळातच आहे असं आम्हाला वाटलं.

मी गडचिरोलीला नर्स आहे. त्याच सुमारास दोघांच्या तपासण्या केल्या, तर बाबांची शुगर वाढलेली आणि आईचं बीपी. नेमकं तेव्हाच बाबांचे जुने कंडक्टर लच्छूकाका यांनी धानोऱ्याहून मोठी भेट पाठवली: डबाभर मोहाचे लाडू आणि बरणीभर बांबूच्या कोंबांचं लोणचं. म्हणजे दोघांसाठी एकेक विष.

मी म्हटलं, "मांडणीला कुलूप लावते."

"आमी काय चोर हावो काय वो?" दोघंही एकदम बोलले.

शेवटी तह झाला. लाडू डाव्या पल्ल्यामागे, तो पल्ला फक्त आईने उघडायचा. लोणचं, पापड उजव्या पल्ल्यामागे, तो फक्त बाबांनी. दोघांनी शहाण्या मुलांसारख्या माना हलवल्या आणि मी ड्यूटीवर परतले.

थोड्याच दिवसांत बाबांचा फोन आला. आवाज एकदम बारीक.

"खुशबू, तो डावा पल्ला कर्र वाजून राह्यला. म्या सरळ केला, दुपारी पुन्हा वाकडा. काऊन असं होत असन?"

"तुम्ही तो उघडलात कशाला, बाबा?"

"उघडला नाई. हात लावून पाह्यला फकस्त."

तासाभराने आईचा फोन.

"बाई, उजव्या पल्ल्याले काय झालं कोणास ठावं. हात लावला का गाढवावानी वरडते. म्या काल चांगला बसवला होता."

"तू बसवलास? तुला येतं?"

 "कुकरची शिट्टी झाली," म्हणून तिने फोन ठेवला.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण दोघांनीही एकसुरात पत्रूभाऊंवर खापर फोडलं. लाकूड ओलं वापरलं, कब्जे हलके लावले. पत्रूभाऊ बिचारे येत, पल्ले नीट करत, चहा पीत आणि जात. दुसऱ्या दिवशी पल्ले पुन्हा वाकडे. गोष्ट गल्लीत पसरली. शेजारच्या देवरावकाकांनीही पत्रूभाऊंना मांडणी करायला सांगितली होती, ते काम काकांनी थांबवलं. तेव्हा मात्र पत्रूभाऊंनी मला फोन केला.

"बाई, माह्या हातची दारं असे करत नाईत. तुमच्या घरी भूत हाय, नाई तं मले तरी लागलं हाय. तुमी एकदा येऊन पाहा."

मी रजा टाकली आणि कुणालाही न सांगता भद्रावतीला पोचले. दुपारची वेळ होती. या वेळी आई विहारात महिला मंडळाला असते आणि बाबा झोपलेले असतात, असं दोघंही मला नेहमी सांगत. मी चप्पल बाहेर काढली आणि आत डोकावले.

बाबा स्टुलावर उभे होते. दातांत पेचकस, हातात केसांच्या तेलाची बाटली. डाव्या पल्ल्याच्या कब्ज्याला थेंब थेंब तेल पाजत होते आणि पल्ला हळूच मागेपुढे करून कान लावत होते. आवाज नाही. बाबांनी समाधानाने मान डोलावली आणि दुसरा हात आत घातला.

तेवढ्यात मागचं दार ढकलून आई आली. अंगावर विहारात जायची पांढरी साडी, हातात शिलाई मशीनचा छोटा पेचकस. ती थेट उजव्या पल्ल्याकडे निघाली होती. स्टुलावरचे बाबा दिसले तशी जागीच थबकली.

बाबांच्या तोंडातला पेचकस खाली पडला.

"तू तं मंडळात गेली होती ना?"

"तुमी तं झोपून होते ना?"

"मी दार पाहून राह्यलो होतो."

"हात डब्यात घालून?"

एवढं बोलणं होतंय तोच डाव्या पल्ल्याने जीव सोडला. रोज उलटसुलट पिळून पिळून वरच्या कब्ज्याची छिद्रं ढिली झाली होती, खालचा कब्जा एकट्याने काय धरणार? अख्खा पल्ला बाबांच्या अंगावर आला आणि हाताबरोबर डबाही खाली आला. आईने धावत जाऊन खालची बाजू धरली. बाबा वर, आई खाली, मध्ये पल्ला. सोडावा तर पाय फुटतो, टेकवावा तर खाली लाडवांचा डबा उघडा पडलेला.

"कोणी हाय काय?" बाबा ओरडले.

"मी आहे," म्हणत मी आत गेले.

दोघांच्या चेहऱ्यावर आधी सुटकेचा आनंद आला, मग तो विरत गेला.

"बेटा, धर नं," आई म्हणाली.

"धरते की. आधी सांगा, डावा पल्ला वाकडा कोण करायचं?"

"जड हाय खुशबू!"

"मग लवकर सांगा."

"मी!" आई म्हणाली. "आवाज आला का समजे, लाडू चालले म्हणून."

"आणि उजवा?"

"तो मी," बाबा कण्हत म्हणाले. "इनं अर्धी बरणी खाल्ली. म्या काय फकस्त पाहत बसू?"

"आणि तुमी? डब्याचा तळ दिसून राह्यला!"

"बरं, बरं. सरळ करणारे कोण?"

 दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आईला आधी हसू फुटलं, त्याने पल्ला हलू लागला, आणि पल्ला हलू लागला तसे बाबाही हसू लागले. मग मात्र मला धावावंच लागलं. आम्ही तिघांनी मिळून तो भिंतीला टेकवला आणि तिथेच जमिनीवर बसून हसत राहिलो. आईने डोळे पुसले, पदराला तेल लागलंय हे पाहिलं आणि बाबांच्या पाठीत एक धपाटा घातला.

पत्रूभाऊंना बोलावलं. त्यांनी छिद्रं पाहिली आणि खाली पडलेले दोन पेचकस उचलले. मग म्हणाले, "भाऊ, देवरावले तुमीच सांगा. मले त्याच्यासमोर मान वर करून जाऊ द्या."

बाबा लगेच निघाले. आई मागोमाग, कारण बाबा काय सांगतील याचा तिला भरवसा नव्हता. तिचं बरोबरच होतं. "अरे देवराव, ते माकडं येत होते," इथून बाबांनी सुरुवात केली. आईने त्यांना बाजूला सारून सगळं खरं सांगितलं, लोणच्यासकट. देवरावकाका खाटेवर आडवे होऊन हसले. त्यांच्या बायकोने मात्र हसू आवरून पत्रूभाऊंना त्याच संध्याकाळी माप घ्यायला बोलावलं. "आमच्याकडे पल्ले लावूच नका," म्हणाली, "आमचे हे काही कमी नाईत."

पत्रूभाऊंनी जुनी छिद्रं बुजवून कब्जे थोडे वर बसवले. या वेळी आई-बाबा दोघंही पेचकस मागत होते, त्यांनी तो कुणालाच दिला नाही.

उरलेले लाडू आणि लोणचं मी पिशवीत भरून गडचिरोलीची बस धरली. खिडकीशी बसले, डबा उघडला. मला शुगर नाही. सावली गावाच्या पुढे जंगल लागलं तेव्हा फोन वाजला. पहिल्यांदाच दोघं एका फोनवर होते.

"पोचली काय वो?" आईने विचारलं. आणि लगेच, "लाडू किती उरले?"

"लोणच्याचं विचार ना," मागून बाबा.

तोंड भरलेलं होतं. मी नुसतं "हूं" म्हटलं आणि रेंज गेल्यासारखं करून फोन ठेवला.