एका तिफणीची दोन वावरं

मित्रांनो, मी आसेगावच्या शिवारातली पेरणीची एक जुनी तिफण आहे. माझे तीन फण आता बोथट झालेत, पण माझी ऐट बघा! शेलूबाजारच्या रामधन सुताराने मला बाभळीतून घडवले आणि हेमसिंगच्या हवाली करताना बजावले, "इले पोरीवानी जपजो, भाऊ!"

स्वराज्य आल्यानंतर काही वर्षांनी पावसाने अशी दडी मारली की उभी ज्वारी करपली. चाऱ्यावाचून हेमसिंगचा एक बैल गेला. शेजारच्या लखीरामचाही एकच उरला. मी गोठ्यात पडून पार खचले होते.

आणि मग हस्ताचा पाऊस कोसळला हो! वावरांना छान वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आला. आता हरभरा पेरला तर घरात दाणा येणार, ओल उडाली तर सगळे वर्षच हातचे जाणार. पण मला ओढायला बैलजोडी हवी! आणि हे दोघे तर मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडून बसलेले.

हेमसिंगची बायको गोमतीबाई तडक धुऱ्यावर गेली. "लखीरामभाऊ, तुमचा बैल आना. सावड करू, दोघायचे बैल मिळून एक जोडी जुंपू."

"पयले कोनाचं वावर पेराचं?" लखीरामने विचारले.

"माझं!" हेमसिंग ओरडला.

"वा रे वा! तुझं होईस्तोवर माझी ओल उडून जाईन ना!"

दोघांचेही खरेच होते. माझा जीव नुसता वरखाली होत होता.

"भांडत काहून राह्यले?" गोमतीबाई कडाडली. "धुऱ्यापाशी वळूच नका. तिफण उचला अन् पलीकडं तशीच चालवा. दोन्ही वावरं संगंच पेरू!"

काय सांगू, मित्रांनो! जोडी जुंपली आणि मी सुसाट निघाले. अलीकडे गोमतीबाई चाड्यात दाणे सोडायची, पलीकडे लखीरामची बायको रुपाबाई. धुरा आला की बैल थांबायचे. मी एकट्याला उचलू देत नव्हते, मुद्दामच! शेवटी हेमसिंग पुटपुटला, "धर ना बे." लखीरामने धरले. त्यांचे बोलणे तिथून सुरू झाले. ओल उडायच्या आत दोन्ही वावरं पेरून झाली आणि हरभरा असा तरारून आला की मला नाचावेसे वाटले!

पुढे दोघांकडेही बैलजोड्या आल्या. आता कुणाचे कुणावाचून अडत नव्हते. तरी पेरणीच्या दिवशी हेमसिंगने मला धुऱ्यापाशी उभे केले आणि हाक मारली, "लखीराम, ये ना बे, उचलू लाग!"

मित्रांनो, मला वाळवी लागू देऊ नका. मला उचलायला अजूनही दोन माणसे लागतात.