एका कवितेच्या दोन चाली

धैर्यशीलनं दार ढकलायला हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. दुपारची वेळ होती, आणि आत शिवांजली संध्याकाळच्या बैठकीसाठी गाऊन बघत होती.

खरं तर आत जायला काय हरकत होती? कार्यक्रम दोघांचा, कविता एकच. इंद्रजितला पुरस्कार मिळाला म्हणून सांगलीच्या भाऊसोंनी हौसेनं हा घाट घातला होता. इंद्रजितची गाजलेली कविता, तिच्या दोन गवयांनी बांधलेल्या दोन चाली. आधी सांगलीची शिवांजली, मग कराडचा धैर्यशील. वयानं आणि मानानं मोठा असेल तो शेवटी गातो, ही बैठकीची रीतच आहे. पण धैर्यशील रंगपटाच्या अर्धवट लोटलेल्या दाराबाहेर चोरासारखा उभा राहिला आणि कान देऊन ऐकू लागला.

हलली जमीन तर हलू दे,
तू तेवढी हलू नकोस.

इंद्रजित कोयनानगरच्या वसाहतीत वाढला होता. भूकंपाच्या धक्क्यानं मांडणीवरची भांडी वाजायला लागली की तिथली पोरं अंगणात पळायची, आणि इंद्रजित आईला जाऊन बिलगायचा. कविता त्या आईवर होती. धैर्यशीलनं ती ऐकली तेव्हा अजून कुठं छापूनही आली नव्हती. कराडला कॉलेजात दोघं एका खोलीत राहायचे. पुढं धैर्यशीलनं उसाची जमीन भावावर सोपवून गाणं धरलं, तेव्हा याच ओळी त्यानं केदारात बांधल्या होत्या. असल्या मुक्तछंदाला कुणी चाल लावतं होय, म्हणून लोक हसले होते. हसू देत. त्या दिवसापासून ही कविता त्याला इंद्रजितची थोडी आणि आपली जास्त वाटत आली होती.

आणि आता ही कालची पोरगी! पूरिया धनाश्रीत बांधली होती तिनं. 'हलू नकोस'वर काही केलंच नव्हतं, तान नाही की मुरकी नाही. शब्द पानात वाढावा तसा वाढला आणि बाजूला झाली. बरं होतं. छे, बरं कसलं, फार चांगलं होतं, आणि म्हणूनच त्याला ते पुढं ऐकवेना.

तो पाय न वाजवता मागं फिरला आणि बाहेर चहाच्या गाड्यावर आला. इंद्रजित तिथं नव्या कोऱ्या झब्ब्यात अवघडून उभा होता.

"आलास व्हय? पोरीची चाल ऐकलीस का रं?"

"अजून न्हाई," धैर्यशील म्हणाला.

"ऐक गड्या. मला फोनवर ऐकवली तिनं, तर रडायलाच आलं. बायको म्हणली, आवं काय झालं, कुणाचं काय वाईट कळलं का?"

"माझी चाल ऐकून कवा रडला न्हाईस."

"तुजी येगळी रं," इंद्रजित चहा फुंकत म्हणाला. "तुजी दणकट हाय."

दणकट! म्हणजे काय बैलगाडी आहे? इतक्या वर्षांच्या दोस्तीत याला दुसरा शब्द सापडला नाही, आणि हा म्हणे कवी. धैर्यशीलनं अर्धा चहा तसाच ठेवला आणि भाऊसोंना गाठलं. भाऊसो हळदीचे व्यापारी. गाण्यातलं फार कळत नव्हतं, पण गाणाऱ्यांवर जीव होता.

"भाऊसो, मी आधी गातो."

"आवं, आसं कसं? मान तुमचा हाय."

"मान कसला घेऊन बसलाय! शेवट पोरीला द्या. नव्या लोकांनी पुढं यायला नको व्हय?"

भाऊसोंना एवढं भरून आलं की त्यांनी संध्याकाळी ते सगळं माईकवर सांगून टाकलं. टाळ्या पडल्या. धैर्यशीलनं मान खाली घालून त्या घेतल्या, तंबोरे जुळवले आणि पूरिया धनाश्रीचा सूर लावला.

बैठकीत एकदा एका गवयानं एक राग मांडला, की त्याच बैठकीत दुसऱ्यानं तो गायचा नाही. हे कुठं लिहून ठेवलेलं नाही, पण पाळत नाही असा गवई सापडायचा नाही. दिवस मावळायची वेळ होती, राग त्या वेळेचाच होता. कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. फक्त विंगेत बसलेल्या शिवांजलीची मान झटकन वर झाली. तिच्या तबलजीनं तिच्याकडं बघितलं. धैर्यशीलला दोन्ही दिसलं आणि त्याचा आवाज आणखी खुलला. खोटं कशाला बोला, त्या संध्याकाळी तो गायला मात्र झकास. हेव्यानं गळ्याला धार चढली होती. रागाचा कुठलाही कोपरा त्यानं तिच्यासाठी शिल्लक ठेवला नाही.

शेवटी तो हात जोडून म्हणाला, "माझी चाल आज राहू द्या. कविता शिवांजलीच्याच तोंडून ऐका."

पुन्हा टाळ्या. पहिल्यापेक्षा जास्त. खरी गोष्ट अशी होती की तिची चाल ऐकल्यापासून तिच्या शेजारी आपली मांडायची त्याला भीती वाटत होती. तो खाली उतरून इंद्रजितशेजारी बसला.

"का न्हाई गायलास रं?"

"तिला गाऊ दे की."

"लय मोठ्या मनाचा हायस गड्या."

धैर्यशीलनं नजर विंगेकडं लावली. आता काय करते बघू, एवढंच त्याच्या मनात होतं. कविता नुसती वाचून दाखवेल? की घसा बसला म्हणून सांगेल?

शिवांजली येऊन बसली. आधी तिनं तिथूनच त्याला नमस्कार केला, मग तंबोऱ्यांच्या पंचमाच्या तारा मध्यमात लावायला सांगितल्या. धैर्यशीलला कळेना, हे काय चाललंय.

"सरांनी पूरिया धनाश्री असा गायलाय की आता त्यात हात घालायची माझी हिंमत नाही," ती म्हणाली. "माझी चाल त्याच रागात आहे. ती पुन्हा कधीतरी ऐकवीन. पण या कवितेला पहिली चाल सरांनी लावली, केदारात. इंद्रजितकाकांनी ती मला ऐकायला पाठवली होती. आज तीच गाते. चुकलंमाकलं तर सरांनी पोटात घालावं."

आणि तिनं केदार सुरू केला.

धैर्यशील ताठ बसला. चाल त्याची होती, जशीच्या तशी. फक्त तिनं ती निम्म्या लयीत घेतली होती आणि त्याच्या ताना काढून टाकल्या होत्या. 'हलली जमीन तर हलू दे' ती अगदी सहज म्हणायची, काही झालंच नाही अशी, आणि समेवर 'तू' आला की मध्यमावर थांबायची. नुसती थांबायची. तो मध्यम धैर्यशीलनंच तिथं ठेवला होता. पण त्याला गळा दाखवायची घाई असायची, तो तिथून तान घेऊन कधीच पुढं पळालेला असायचा. आपल्या अंगणात काय होतं ते दुसऱ्यानं येऊन दाखवावं, आणि आपण पाहुण्यासारखं बघत बसावं! आपल्याच चालीचा असा हेवा करायची पाळी कुणावर येऊ नये.

इंद्रजितनं त्याचा गुडघा घट्ट धरला. डोळे पुसायचंही त्याला भान नव्हतं.

"धैर्या, ही तुजीच चाल व्हय?"

"व्हय."

"मग आशी कवा गायला न्हाईस ती?"

गाणं संपलं तेव्हा सगळं सभागृह वळून धैर्यशीलकडं बघत टाळ्या वाजवू लागलं. भाऊसोंनी त्याला दंडाला धरून उभं केलं. त्यानं चारी बाजूंना नमस्कार केला. इतक्या टाळ्या त्याला आजवर मिळाल्या नव्हत्या, आणि त्या कुठं ठेवाव्यात ते कळत नव्हतं.

तो रंगपटात गेला तेव्हा शिवांजली तंबोऱ्यावर गवसणी चढवत होती. तिनं वाकून नमस्कार केला.

"काही चुकलं का, सर?"

धैर्यशीलनं मनातल्या मनात सगळं गाणं चाचपून बघितलं. एखादा सूर, एखादी जागा, काहीही चाललं असतं.

"नाही," तो म्हणाला. मग काहीतरी चांगलं बोलावं म्हणून म्हणाला, "तुझी चाल तेवढी ऐकायची राहिली."

"ऐकलीत की, सर."

त्यानं वर बघितलं. ती आरशाकडं पाठ करून उभी होती. भिंतभर आरसा, आणि त्यात उघडं दार, बाहेरचा बोळ, सगळं स्वच्छ दिसत होतं.

"दुपारी दारात उभे होतात तुम्ही," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला जड गेलं. "मला वाटलं, आत याल."

बाहेर भाऊसो आणि इंद्रजित कशावरून तरी मोठ्यानं हसत होते. धैर्यशीलच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. शिवांजलीनं गवसणीची नाडी आवळली.

"कराडला बोलवा मला कधीतरी. दोन्ही चाली गाऊ."

"गाऊ की," तो कसाबसा म्हणाला. "कवा पण ये."

"येते," ती म्हणाली आणि तंबोरा उचलला. "पण तिथं आधी मी गाणार, सर."